अल्झायमर हा स्मृती पुसत नेणारा आजार पहिल्यांदा कुठल्या सभेत मांडला गेला?

३ नोव्हेंबर १९०६ रोजी, जर्मनीतल्या ट्युबिंगेन या विद्यापीठाच्या गावी. नैऋत्य जर्मनीतल्या मनोविकारतज्ज्ञांची सभा भरली होती. तिथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डी. या बाईंची हकिगत सांगितली. १९०१ मध्ये, अवघ्या ५१ वर्षांच्या असताना, त्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाल्या होत्या. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत पेशींमध्ये गुंतलेले तंतू आणि पेशींबाहेर साचलेले थर दिसले. आजही संशोधक याच दोन खुणा शोधतात. आणि तरी त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर चर्चाच झाली नाही!

मला मात्र त्या व्याख्यानाहून अल्झायमर यांनी आधी करून ठेवलेली टिपणं मोलाची वाटतात. "नाव काय?" "ऑगस्टे." "नवऱ्याचं नाव?" "मला वाटतं, ऑगस्टे." बाईंपाशी बसून, त्यांचं बोलणं जसंच्या तसं त्यांनी उतरवून घेतलं. माझ्या मते शुश्रूषा इथूनच सुरू होते: उत्तर चुकलं तरी माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकण्यापासून. ती फाइल पुढे हरवली, ती थेट १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली.

आजाराला अल्झायमर यांचं नाव १९१० मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकातून दिलं.