श्वास-प्रश्वास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी विरारला राहते, ऑफिस चर्चगेटला. सकाळचा डबा, मुलाची शाळा, मग लोकल. दिवसभर काही वाटत नाही पण रात्री आडवी झाले की छाती धडधडायला लागते. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल आलं, डॉक्टर म्हणाले स्ट्रेस आहे, दीर्घ श्वसन करा. मी गच्चीवर जाऊन दहा-बारा मोठ्ठे श्वास घेतले तर चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, घाबरून सोडूनच दिलं. माझं काय चुकतंय? आणि हे पहाटे उठूनच करावं लागतं का?

उत्तर : ताई, आधी एक बरं केलंत की तपासण्या करून घेतल्यात. धडधड होते म्हणून थेट प्राणायामाच्या मागे लागणारे खूप जण भेटतात मला आणि काळजी वाटते त्यांची.

आता चक्करचं. दीर्घ श्वास म्हटलं की आपण छाती फुगवून, खांदे वर उचलून जोरजोरात हवा आत ओढतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड पटकन खाली जातो, तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. म्हणजे तुम्हाला हवा कमी नाही पडली, भराभर जास्त झाली. दीर्घ म्हणजे लांब, सावकाश, आणि त्यातही लांबवायचा तो बाहेर जाणारा श्वास.

असं करा. खुर्चीत टेका, एक हात बेंबीच्या वर ठेवा. आधी श्वास सोडून द्या, मग नाकाने आत येऊ द्या, मनात चार आकडे, हाताखालचं पोट वर आलं पाहिजे, खांदे जिथल्या तिथे. मग सहा आकडे मोजत सोडा. बशीतल्या गरम चहावर आपण फुंकर घालतो ना, जोरात घातली तर चहा सांडतो म्हणून हळूच घालतो, तेवढ्याच हळू. आत आणि बाहेर मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० घेतो. सहा नाही जमले तर आठ होऊ देत, पहिल्या आठवड्यात ओढाताण नको, आणि गरगरलं तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्या.

याने होतं काय, तर श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. व्हेगस नावाची नस आहे, मेंदूपासून हृदय, पोटापर्यंत जाणारी, ती सोडताना जास्त काम करते आणि शरीराला कळतं की आता धावपळ संपली. अजून एक हिशोब सांगते, मला तो फार आवडतो. एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत येते, त्यातली साधारण १५० मिली नाक-घसा-नळीतच राहते, फुफ्फुसाच्या कामाची नाही. मिनिटाला १२ वेळा अर्धा अर्धा लिटर घ्या किंवा २४ वेळा पाव पाव लिटर, एकूण हवा सहा लिटरच, पण पहिल्यात ४.२ लिटर कामी येते आणि दुसऱ्यात फक्त २.४. दिवसभर वरच्यावर उथळ श्वास घेऊन माणूस उगाच दमत नाही!

पहाटेची सक्ती अजिबात नाही, जेवल्या जेवल्या मात्र नको. कुकरच्या शिट्टीची वाट बघताना, परतीच्या गाडीत चर्चगेटला बसायला मिळालं की, आणि रात्री कुशीवर वळायच्या आधी पाच मिनिटं. आई आजारी होती तेव्हा हॉस्पिटलच्या पॅसेजमधल्या बाकावर मी हेच करत रात्री काढल्यात. आजार तिचा होता तो होताच, पण डॉक्टर काय सांगतायत ते मला नीट ऐकू यायचं, ही केवढी मोठी गोष्ट होती माझ्यासाठी.

समोर बसून शिकायचं असेल तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, योग प्रयोगशाळेत तपासून बघायला, त्यांचं केंद्र मरीन ड्राइव्हला आहे, तुम्हाला चर्नी रोड स्टेशन वाटेतच पडतं. सांताक्रूझची योगा इन्स्टिट्यूट तर १९१८ पासूनची.

प्रश्न : वय ६८, चेंबूर. बीपीची गोळी चालू आहे. रोज पहाटे बागेत कपालभाती करतो, पण थंडीत खोकला येतो. काय करू?

उत्तर : काका, कपालभाती बंद करा, श्वास रोखून धरणंही नको, बीपीत दोन्ही टाळायचं. वर ताईंना सांगितलंय तेच करा, आकडे न ताणता, आणि गोळी मनाने बंद करू नका. थंडीत आपल्याकडे पहाटे वारा पडलेला असतो, धूळ-धूर खालीच साचतो, समोरची बिल्डिंग धुरकट दिसली की त्या दिवशी घरातच खिडकी लावून बसा, फिरायला ऊन वर आल्यावर जा. आणि खोकला दोन-तीन आठवड्यांच्या वर गेला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवाच. बीपीच्या काही गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो, तेव्हा जाताना गोळीचं पाकीट खिशात घेऊन जा.