आईबाबांना टोकियोतलं डिपार्टमेंट स्टोअर दाखवायचंय? निहोनबाशीला न्या

तुमचा प्रश्न असा आहे, की नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून आईबाबा येताहेत, आईंना इथली मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स बघायची हौस आहे, नातेवाइकांना द्यायला चार वस्तू घ्यायच्या आहेत आणि त्या अंडंसुद्धा खात नाहीत. मग शिंजुकु, गिन्झा आणि शिबुया एका दिवसात उरकेल का, आणि एवढ्या महागड्या ठिकाणी मुळात जावं का?

जावं, नक्की जावं. पण तीन ठिकाणं एका दिवसात उरकू नका. मी इथे अठरा वर्षं राहते आहे आणि माहेर-सासर दोन्हीकडच्या मंडळींना फिरवून माझं मत पक्कं झालंय. एकच भाग निवडा, तो निहोनबाशी. शनिवार-रविवार टाळा आणि दार उघडायच्या दहा मिनिटं आधी पोचा. तुम्ही निशी-कासाईला राहता म्हणजे तोझाई लाइनने गाडी न बदलता निहोनबाशी स्टेशन येतं आणि तिथूनच थेट ताकाशिमाया या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात शिरता येतं. शिंजुकु स्टेशनमध्ये सत्तरीच्या माणसांचे पाय बाहेर पडेपर्यंतच दुखायला लागतात, पुढची खरेदी राहिलीच.

दहा मिनिटं आधी कशासाठी, तर दार उघडायचा सोहळा बघण्यासाठी. बहुतेक मोठी स्टोअर्स दहाला किंवा साडेदहाला उघडतात. दारं उघडली की आत दोन्ही बाजूंना कर्मचारी उभे असतात आणि तुम्ही पुढे जाल तसतसं प्रत्येक काउंटरवरचा माणूस कमरेत वाकून नमस्कार करतो. माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा प्रत्येकाला उलट हात जोडत पार लिफ्टपर्यंत गेले होते. एक पैसाही खर्च न करता मिळणारी ही गोष्ट त्यांनी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगितली.

आता मित्सुकोशी, निहोनबाशीतलं दुसरं मोठं स्टोअर. ताकाशिमायापासून चालत दहा मिनिटं, मधे तो प्रसिद्ध निहोनबाशी पूल लागतो. जपानमधल्या रस्त्यांची अंतरं जिथून मोजतात तो शून्याचा खुणेचा पत्रा तिथेच आहे. मित्सुकोशीच्या दारात १९१४ सालचे काशाचे दोन सिंह बसलेत, लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातल्या सिंहांवरून केलेले. आत मधल्या चौकात सुमारे ११ मीटर उंचीची रंगीत लाकडी अप्सरा आहे, १९६० साली बसवलेली, आणि वर १९३० सालचा पाइप ऑर्गन आहे. जवळच्या स्टेशनचं नावच मित्सुकोशीमाए, म्हणजे ‘मित्सुकोशीसमोर’. ते स्टेशन बांधायचा खर्च दुकानाने उचलला होता म्हणून.

या दुकानाचं मूळ बाबांना आवर्जून सांगा, विशेषतः त्यांचा जन्म लक्ष्मी रोड आणि तुळशीबागेत घासाघीस बघत गेला असेल तर. मित्सुई ताकातोशी या व्यापाऱ्याने १६७३ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचं कापडाचं दुकान काढलं. तोवर बडे कापडवाले माल घेऊन सरदारांच्या घरी जात, भाव गिऱ्हाईक बघून सांगत आणि हिशेब वर्षातून एकदा-दोनदा उधारीवर होत असे. एचिगोयाने पाटी लावली : रोख पैसे, एकच भाव. शिवाय अख्खा तागा घ्यायची सक्ती काढून हवं तेवढं कापड कापून द्यायला सुरुवात केली. म्हणजे ज्याला फक्त पट्टीपुरतं कापड हवंय तोही दुकानात ताठ मानेने येऊ लागला. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट आहे. हे ऐकल्यावर ‘इथे भाव का करत नाहीत’ हा प्रश्न बाबा पुन्हा विचारणार नाहीत.

ही बहुतेक जुनी स्टोअर्स मुळात किमोनोच्या कापडाची दुकानं. मित्सुकोशी, ताकाशिमाया, इसेतान, सगळी त्याच वाटेने आलेली. म्हणून किमोनोचा मजला चुकवू नका. घ्यायचं काहीच नसलं तरी चालतं. एक तागा साधारण १२ मीटर लांब आणि जेमतेम ३६-३८ सेंटिमीटर पन्ह्याचा असतो, त्यात एक किमोनो बसतो. माझी आई नऊवारीच्या हिशेबाने ते पन्हे बघून चकित झाली होती. तिथल्या वयस्कर विक्रेत्या बाईंनी आईच्या इरकलीचा पदर हातात घेऊन काठाचं विणकाम उलटसुलट बघितलं आणि मग आतून तीन तागे आणून उलगडून दाखवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि मी मधे पडायची गरजही भासली नाही. आईंना त्या दिवशी साडी नेसायला सांगा, जमलं तर हातमागाची.

खरेदीचं म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक्स, बॅगा, औषधं, रोजची क्रीमं इथून घेऊ नका, ती बाहेर स्वस्त मिळतात. कपड्यांचे मापही आपल्या मंडळींना बाह्यांत आणि छातीत चुकतात, आणि ‘आवडलं नाही म्हणून परत’ हा प्रकार जपानमध्ये सहसा चालत नाही. डिपार्टमेंट स्टोअरमधून घ्यावेत ते हातरुमाल, फुरोशिकी (वस्तू बांधून न्यायचे चौकोनी कापड), चॉपस्टिक, छत्र्या आणि गोड खाऊ. रुमालाचा विभाग बहुधा खालच्याच मजल्यांवर असतो. हजार-दोन हजार येनात इतका सुंदर रुमाल मिळतो की द्यायला संकोच वाटत नाही, आणि वजन शून्य.

पैसे देताना तुम्हाला विचारतील, घरच्यासाठी की भेट द्यायला? ‘पुरेझेन्तो देसु’ म्हणा आणि बाजूला उभं राहून बघा. खोका कागदावर तिरका ठेवून, फिरवत फिरवत, एखाद-दुसऱ्या चिकटपट्टीत गुंडाळतात. शेवटी ‘कोवाके-बुकुरो’ मागायला विसरू नका. प्रत्येक भेटीसोबत द्यायची छोटी कागदी पिशवी ती. मित्सुकोशीचा तो पांढऱ्यावर लाल मोठ्या आकारांचा कागद चित्रकार गेनइचिरो इनोकुमा यांनी १९५० साली काढला, आणि त्यावरची दुकानाच्या नावाची अक्षरं तेव्हा तिथे नोकरीला असलेल्या ताकाशी यानासे यांची. मुलं इथल्या पाळणाघरात जात असतील तर आनपानमान हे मुलांचं लाडकं कार्टून माहीत असेलच, त्याचे जनक हेच. माझ्या आईने तो कागद न फाडता सोडवला आणि घरी कपाटात साड्यांखाली अंथरलाय.

आता तळघर, म्हणजे डेपाचिका, खाण्यापिण्याच्या काउंटरांचा मजला. इथे मात्र अंडं न खाणाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. केकमध्ये आणि कास्तेरात, म्हणजे जपानी स्पंज केकमध्ये, अंडं असतंच, बिस्किटांतही बहुधा असतं. जेली आणि मूसमध्ये जिलेटिन. सगळ्यात फसवे ते तांदळाचे खारे कुरकुरीत तुकडे, कारण दिसायला पोह्याच्या पापडासारखे आणि चवीला मासळीचा अर्क किंवा कोळंबी. मी एकदा माझ्या आजेसासूबाईंना तसा सुरेख डबा दिला, त्यांनी दोन तुकडे खाल्ल्यावर मी मागचं लेबल वाचलं. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांनी उपास धरला तो मला अजून सलतो. त्यामुळे विचारायचे शब्द पाठ करून ठेवा : तामागो म्हणजे अंडं, झेराचिन म्हणजे जिलेटिन, दाशी म्हणजे तो रस्सा, जो बहुतेक वेळा मासळीचा असतो. पुढे ‘हाइत्तेमासु का’ जोडलं की झालं. विक्रेते घटकांची वही काढून बोट ठेवून दाखवतात, कंटाळत नाहीत.

निर्धास्तपणे घ्यायचं तर योकान. आझुकी नावाच्या लाल कडधान्याचा गोड गर, साखर आणि कानतेन. कानतेन म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रास, समुद्री शेवाळापासूनचं. आईंना सांगा की पुरणाची वडी समजा, फक्त वेलची-जायफळाशिवाय. न उघडता महिनोन्महिने टिकतं, त्यामुळे पुण्याला नेऊन दिवाळीनंतरच्या भेटीगाठींना कामी येईल. जड असतं आणि घट्टही, म्हणून चेक-इनच्या सामानात ठेवा. तोराया हे योकानचं सर्वांत नावाजलेलं जुनं घराणं, त्यांचे छोटे एकेकट्याचे तुकडेही मिळतात. चवीत चेस्टनट किंवा माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, असेल तरी घटक एकदा विचाराच.

संध्याकाळी बंद व्हायच्या तासभर आधी तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीची चिठ्ठी लागायला लागते. त्यावर २ हा आकडा आणि पुढे ‘वारिबिकी’ असेल तर ती सूट दोन टक्के नसून वीस टक्के असते. ३ म्हणजे तीस. ‘हांगाकु’ म्हणजे निम्मी किंमत. अनेक नवखे लोक दोन टक्के समजून पुढे निघून जातात.

कराबद्दल नीट वाचा, कारण तुमच्या तारखा नेमक्या बदलाच्या आसपास आहेत. उपभोग कर १० टक्के आहे, खाद्यपदार्थांवर ८. पर्यटकाला करमाफी मिळते ती एका दिवशी एका स्टोअरमध्ये कर सोडून ५,००० येन किंवा जास्त खरेदी झाली तर. डिपार्टमेंट स्टोअरचा फायदा हा की वेगवेगळ्या काउंटरच्या पावत्या एकत्र धरतात. आजवर दुकानातच काम व्हायचं. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र आधी करासकट पूर्ण पैसे भरायचे आणि परत जाताना विमानतळावर कस्टमने वस्तू तपासल्यावर कर परत मिळणार. म्हणजे आईबाबांना परतीच्या दिवशी विमानतळावर जास्त वेळ हाताशी ठेवावा लागेल आणि घेतलेल्या वस्तू दाखवता येतील अशा ठेवाव्या लागतील. काही स्टोअर्स प्रक्रियेचं शुल्क कापतात, म्हणून दहाच्या दहा टक्के हातात येतील असं धरून चालू नका.

आणि एक, जे बहुतेकांना काउंटरवर उभं राहिल्यावरच कळतं : तुम्ही इथल्या रहिवासी आहात, तुम्हाला ही सवलत नाही. खरेदी आईबाबांच्या नावावर, त्यांचा मूळ पासपोर्ट दाखवून आणि त्यांच्याच कार्डाने किंवा रोखीने व्हायला हवी. लेकीने प्रेमाने आपलं कार्ड पुढे केलं की तिथे नाही म्हणतात. त्यांच्या हाती थोडे रोख येन आधीच देऊन ठेवा.

शिबुयाचं तुम्ही लिहिलंय, पण जुन्या प्रवासवर्णनांवर जाऊ नका. तिथलं तोक्यु तोयोको २०२० साली आणि तोक्यु होन्तेन २०२३ च्या जानेवारीत बंद झालं. शिंजुकुच्या ओदाक्युची मुख्य इमारत त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात बंद झाली. शेवटच्या दिवशी तिथे मी रांगेत उभी होते, आणि दार बंद होईपर्यंत कर्मचारी वाकलेले होते. निहोनबाशीतली ही दोन्ही घरं टिकून आहेत आणि दोन्ही इमारती राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जपलेल्या आहेत : ताकाशिमायाची १९३३ सालची इमारत २००९ मध्ये, मित्सुकोशीची २०१६ मध्ये. ताकाशिमायात जुन्या लिफ्ट अजून गणवेशातल्या बाई हाताने चालवतात, मजल्याचं नाव सांगतात, हाताने दिशा दाखवतात. आईंना तीत बसवून थेट गच्चीपर्यंत न्या.

डेपाचिकात बसायला सहसा जागा नसते आणि चालत खाणं इथे बरं दिसत नाही. म्हणून खाली घेतलेला डबा गच्चीवरच्या बागेत उघडा. मित्सुकोशीच्या गच्चीवर मित्सुई घराण्याच्या मिमेगुरी देवस्थानाचं छोटं देऊळही आहे. बाबांना पाय टेकायला बाक, आईंना देवदर्शन. पाऊस आला तर काळजी करू नका, खाली काउंटरवर तुमच्या कागदी पिशवीवर स्वतःहून प्लास्टिकचं आवरण घालतात. खिडकी नसलेल्या मजल्यांवरच्या माणसांनाही पाऊस लागल्याचं कळावं म्हणून अनेक स्टोअर्समध्ये आतलं संगीत बदलतात.

आईंना अंडं चालत नाही, तर लसूण-कांद्याचं काय, तेवढं कळवा. म्हणजे गच्चीवर खायचा डबा खाली कुठल्या काउंटरवरून घ्यायचा ते सांगते.