२४ लाखांची ऑफर आणि मुलीची नववी

प्रश्न: मी ४३ वर्षांचा, नागपूरला मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे. पगार वर्षाला १४ लाख. हैदराबादच्या एका कंपनीने २४ लाखांची ऑफर दिली आहे. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिला महिन्याला २८ हजार मिळतात. मुलगी सीबीएसईला आठवीत आहे, तिला डॉक्टर व्हायचंय. मनीषनगरला स्वतःचा फ्लॅट आहे, १६ लाख कर्ज बाकी. आई-बाबा महाल भागातल्या जुन्या घरी राहतात. पहिलं वर्ष मी एकटा जातो, बस्तान बसलं की मुलीची नववी आटोपून सगळ्यांना नेतो आणि इथला फ्लॅट विकून तिकडे घेतो, असा विचार आहे. तेलंगणात राहणं आम्हाला परवडेल का?

उत्तर: नमस्कार. ऑफर लेटरची प्रत आणि खर्चाचा तपशील सोबत पाठवलात, त्यामुळे नेमकं बोलता येतंय. ‘पहिलं वर्ष मी एकटा’ हा तुमच्या बेतातला सगळ्यात सावध भाग वाटतो. मला मात्र तोच सगळ्यात महागात पडणारा दिसतो, म्हणून पगाराच्या आधी त्याबद्दल लिहितो.

सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, बाकी ८५ टक्के त्या-त्या राज्याच्या मुलांसाठी असतात. मेडिकल किंवा मेयोला, म्हणजे नागपूरच्या सरकारी कॉलेजांना, राज्याच्या कोट्यातून जायचं तर डोमिसाईल लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बदलीच्या सरकारी नोकरीतल्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण तुमच्यासारख्या खासगी नोकरीवाल्यांना त्या लागू होत नाहीत. तेलंगणाचा नियम याहून कडक आहे. तिथे बारावीपर्यंतची सलग चार वर्षं, म्हणजे नववी ते बारावी, तेलंगणातच शिकलेलं असावं लागतं. या नियमावरून बरीच कोर्टबाजी झाली आणि सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

आता तुमचा बेत यात बसवून बघा. नववी नागपुरात, दहावी ते बारावी हैदराबादेत. तेलंगणाच्या हिशेबात एक वर्ष कमी पडलं आणि महाराष्ट्राच्या हिशेबात दहावी-बारावी बाहेरची झाली. मुलगी दोन्ही राज्यांना परकी. दहावी इथे करून अकरावीला नेलं तरी तेच होईल. मग उरतात त्या अखिल भारतीय कोट्यातल्या जागा, एम्स, आणि खासगी कॉलेजांच्या व्यवस्थापन कोट्यातल्या किंवा अभिमत विद्यापीठांतल्या जागा. या शेवटच्या दोन प्रकारांत पाच वर्षांचा खर्च सहज ५० लाखांच्या वर जातो, कित्येक ठिकाणी कोटीच्या घरात. तुमची पगारवाढ कितीही मोठी असली तरी हा खड्डा त्यातून भरणार नाही.

उलट केलंत तर मात्र चित्र बदलतं. येत्या जूनमध्ये तिघेही एकत्र जा. मुलीची नववी तिकडे सुरू होऊ द्या. जमलं, तर बारावीपर्यंत तिथेच राहा, तेलंगणाचा कोटा तिला मिळेल. नाही जमलं, तर नववी संपताच परत या. दहावी आणि बारावी नागपुरात होईल आणि महाराष्ट्राचा कोटा शाबूत राहील. म्हणजे अजमावून बघायचं वर्ष नववीचंच, आणि तेही तिला सोबत नेऊन. बोर्ड तेवढं बदलू नका. सीबीएसईची दहावीची नोंदणी नववीतच होते, बोर्ड तेच असेल तर परतीची बदली सोपी जाते.

तेलंगणाचा कोटा काही कमी मोलाचा नाही. गेल्या काही वर्षांत तिथे जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, आणि लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. डॉक्टर व्हायचं हे पक्कं असेल तर ही तेलंगणाची मोठी जमेची बाजू आहे, ऑफर लेटरमधल्या आकड्यापेक्षा मोठी. अडचण तेलुगूची. २०१८च्या कायद्याने तिथल्या शाळांत दहावीपर्यंत तेलुगू सक्तीचं आहे, सीबीएसईच्या शाळांतही. बाहेरून आलेल्या मुलांसाठी सोपं पुस्तक असतं, तरी नववीत नवी लिपी गिरवायला लागणं म्हणजे मुलीवर ताण आहे. तिच्याशी यावर मोकळेपणी बोललात का? तुमच्या मेलमध्ये तिचं मत कुठे दिसलं नाही.

आता पगार. ऑफर लेटरच्या दुसऱ्या पानावरचा तक्ता नीट पाहा. २४ लाखांत २ लाख व्हेरिएबल, म्हणजे खात्री नसलेला भाग, आहे आणि सुमारे १ लाख कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी. खात्रीने मोजायचे ते २१ लाख. आयकर हैदराबादेत कमी पडेल, असं तुमच्या मित्राने सांगितलंय. तसं काही नाही. आयकर केंद्राचा, दोन्हीकडे सारखाच. राज्याचा व्यवसाय कर दोन्हीकडे वर्षाला अडीच हजारांच्या आसपास, तो विसरून जा. २०२५-२६च्या नव्या कररचनेत १४ लाखांवर तुमचा कर ८१,९०० होतो, २१ लाखांवर २,१४,५००. म्हणजे ७ लाखांच्या वाढीतले हातात येतात ५,६७,४००.

त्यातून वहिनींचा पगार गेला तर वर्षाचे ३,३६,००० वजा. गच्चीबावलीजवळ तुम्ही पाहिलेल्या घराचं भाडं मेंटेनन्ससकट ३८ हजार, मनीषनगरच्या फ्लॅटचे १५ हजार येतील असं तुम्ही धरलंय. फरक महिन्याला २३ हजार, वर्षाला २,७६,०००. बेरीज-वजाबाकी करून वर्षाला ४४,६०० रुपये घरातून घालावे लागतात, आणि यात सामान हलवणं, शाळेचा प्रवेश, नागपूरच्या फेऱ्या काहीच धरलेलं नाही. वहिनींना तिकडे तेवढ्याच पगाराची नोकरी लागली तर हाच आकडा वर्षाला २,९१,४०० शिल्लक दाखवतो. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पगारात नाही, वहिनींच्या नोकरीत आहे. त्यांनी आत्तापासून तिकडच्या शाळांत अर्ज करावेत. इथल्या शाळेला राजीनामा देण्याआधी वर्षभराची बिनपगारी रजा मागून बघावी. मिळाली तर परतीचा रस्ता त्यांच्यासाठीही उघडा राहतो, आणि पहिल्या वर्षाची ती तूट त्या रस्त्याची किंमत समजून मी आनंदाने सोसेन.

तुम्ही एकटेच गेलात तर? खोली, जेवण, येणं-जाणं मिळून महिन्याला ३२ हजार धरले, तरी वर्षाला १,८३,४०० उरतात. कागदावर हे बरं दिसतं. पण मुलीचा कोटा सांभाळायचा तर हे एकटेपण एका वर्षाचं नाही, तिची बारावी होईपर्यंत चार वर्षांचं आहे. मुलीच्या नीट परीक्षेची तयारी, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि स्वतःची नोकरी, सगळं एकट्या वहिनींवर. एवढ्या रकमेसाठी मी तुम्हाला हे करू देणार नाही.

फ्लॅट विकू नका. तेलंगणात घराच्या नोंदणीचा खर्च सगळा मिळून साडेसात टक्के आहे. ८० लाखांच्या फ्लॅटवर ६ लाख रुपये नुसते कागदावर जातात, आणि राहायचं की परतायचं हे ठरण्याआधीच. भाड्याने दिलात तर आणखी एक फायदा आहे. नव्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही, पण भाड्याने दिलेल्या घराची मिळते, भाड्याच्या उत्पन्नापुरती. तुमच्या १.८० लाखांच्या भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन १.२६ लाख उरतात, आणि साडेआठ टक्क्यांनी तुमचं वर्षाचं व्याज तेवढं आहेच. त्या भाड्यावर कर जवळपास शून्य. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करा, म्हणजे पुढच्या वर्षी परतायचं ठरलं तर घर वेळेत रिकामं मिळेल.

बाकीच्या गोष्टी लहान. महावितरणच्या बिलाने मे महिन्यात घाम फुटतो. तिकडे घरगुती विजेचे दर कमी आहेत आणि उन्हाळाही आपल्याइतका भाजत नाही. पेट्रोल मात्र महाग. गाडी बारा महिन्यांहून जास्त तिकडे ठेवायची तर इथल्या आरटीओची एनओसी, तिथला कर आणि इथल्या कराचा परतावा, असे सगळे सोपस्कार आहेत. नव्या कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असतील तर बीएच सिरीजची, म्हणजे राज्य बदललं तरी चालणाऱ्या नंबरची, चौकशी करा. वंदे भारतने नागपूर-सिकंदराबाद साडेसात तासांच्या आत होतं. बाबांच्या तब्येतीचा फोन आला तर त्याच दिवशी पोचता येतं, आणि मुंबई-पुण्याच्या ऑफरपेक्षा ही ऑफर मला त्यासाठीही बरी वाटते. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड आई-बाबांसाठी काढलं नसेल तर जाण्याआधी काढा, ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. काचीगुड्याकडे जुनी मराठी वस्ती आहे, सणावाराला अगदीच एकटं वाटणार नाही.

मुलीने उद्या इंजिनीअरिंग म्हटलं तर एवढी घट्ट गाठ नाही. महाराष्ट्राच्या इंजिनीअरिंग प्रवेशात आई-वडिलांच्या डोमिसाईलवरही एक दार उघडं राहतं. म्हणून तिघांचेही डोमिसाईलचे दाखले नागपूर सोडण्याआधी सिव्हिल लाइन्सच्या सेतूमधून काढून ठेवा; तिकडे राहून ते काढणं फार जिकिरीचं होतं.

या आठवड्यात तीन कामं करा. एचआरला जॉइनिंगची तारीख जूनपर्यंत पुढे मागा आणि महिन्यातला एक आठवडा नागपुरातून काम करता येईल का, ते लेखी घ्या. गच्चीबावलीजवळच्या दोन-तीन सीबीएसई शाळांना नववीच्या जागा आणि तेलुगूच्या सवलतीबद्दल विचारा. वहिनींच्या रजेचा अर्ज द्या. जूनपर्यंत शाळेची जागा मिळत नसेल, किंवा वहिनींना ना रजा ना नोकरी, तर ही ऑफर सोडा आणि मिहानमधल्याच दुसऱ्या कंपन्यांकडे हे ऑफर लेटर घेऊन बोला. १७-१८ लाखांत नागपुरात राहणं तुमच्या घराला या २४ लाखांपेक्षा जास्त देऊन जाईल.