इंग्लंडमधल्या खेड्यात राहणाऱ्या भारतीयाला गावच्या कारभारात बोलता येतं का? आणि जुन्या घराची साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागते, हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो धडा मी स्वतःच्या खिशातून पैसे घालून शिकलोय.

ऑक्सफर्डशायरच्या दक्षिणेला, चिल्टर्न टेकड्यांमधल्या एका खेड्यात आम्ही सात वर्षं राहतोय. घर विटा आणि चकमकीच्या दगडांचं, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं. पहिल्याच हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा शिट्ट्या मारत आत यायला लागला. मी पुण्यात जे केलं असतं तेच केलं. माप घेतलं, प्लास्टिकच्या चौकटीची डबल काचेची खिडकी पसंत केली आणि आगाऊ पैसे भरून मोकळा झालो. शेजारच्या बाई, वय ऐंशीच्या पुढे, कुंपणापलीकडून हे सगळं बघत होत्या. "विचारलंयस ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "कोणाला?" त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि मला चहाला बोलावलं. इथे कोणी असं चहाला बोलावलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

तर हो, खरं आहे. लिस्टेड इमारतीचं रूप बदलेल असं काम संमतीशिवाय केलं तर तो इथे फौजदारी गुन्हा आहे, आणि कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. संमतीच्या अर्जाला फी नसते, पण नकाशे लागतात आणि चिकाटी लागते. माझ्याकडे जिल्हा कौन्सिलच्या जुन्या वास्तू बघणाऱ्या बाई आल्या. खिडकीसमोर उभ्या राहून त्यांनी मान नुसती डावीकडे-उजवीकडे हलवली आणि मलाही तसंच करायला लावलं. समोरचं सफरचंदाचं झाड पाण्यातल्या सावलीसारखं डुचमळलं! काच हाताने बनवलेली, जुनी, म्हणून सपाट नाही. पाच वर्षं मी त्या काचेसमोर भांडी घासली असती तरी माझ्या लक्षात आलं नसतं. शेवटी ठरलं असं की लाकडी चौकट दुरुस्त करायची, आणि आतल्या बाजूने दुसरी काच बसवायची, म्हणजे जुनीला धक्का नाही. वारा थांबला. आगाऊ भरलेले पैसे बुडाले ते बुडालेच.

घर लिस्टेड नसेल तर एवढं कडक नसतं. पण घर 'कॉन्झर्वेशन एरिया'त, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी आखलेल्या भागात असेल (हा प्रकार १९६७च्या कायद्याने आला) तर परसातलं झाड तोडतानाही सांभाळा. दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरच्या वर असला, तर तोडायच्या सहा आठवडे आधी कळवावं लागतं. ७५ मिलिमीटर म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान.

आता कारभार. इथला तळाचा थर म्हणजे पॅरिश कौन्सिल. आपण हिला ग्रामपंचायत म्हणू, पण लगेच आपली ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणू नका. १८९४च्या कायद्याने चर्चच्या हातातला गावगाडा काढून निवडून दिलेल्या लोकांकडे दिला, तेव्हापासूनची ही संस्था. सदस्यांना पगार नाही, पगारी माणूस म्हणजे एक क्लार्क, तोही बहुतेक ठिकाणी अर्धवेळ. घरपट्टीतला छोटा हिस्सा हिच्या वाट्याला येतो, त्यातून मैदान, बाकडी, दफनभूमी, बसथांबा असलं बघायचं. घरं बांधायची परवानगी ही देत नाही. ती वरची कौन्सिल देते, पॅरिश फक्त मत कळवते. हे मला समजायला वर्ष लागलं, आणि गावातल्या निम्म्या लोकांना अजून समजलेलं नाही.

भारतीय म्हणून तुम्हाला काय करता येतं? बरंच काही. राहण्याचा रीतसर परवाना असलेला कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे मतदार होऊ शकतो, त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. २०२३पासून स्थानिक मतदानालाही फोटो ओळखपत्र लागतं, आणि त्यात आपला भारतीय पासपोर्ट चालतो. गावच्या हॉलमध्ये दोरीला बांधलेल्या पेन्सिलने फुली मारून मी मत देतो. कायम राहण्याचा परवाना असेल आणि मतदार यादीत नाव असलं, की पॅरिशला उभंही राहता येतं. उभं राहणाऱ्यांची कसली गर्दी, बहुतेक वेळा जागा रिकाम्याच राहतात आणि आहेत ते सदस्य कोणाला तरी आग्रह करून आत घेतात. मलाही असंच "मंगळवारी संध्याकाळी काय करतोस?" म्हणून ओढलं गेलं.

पण त्याआधी मी नागरिक म्हणून पहिल्यांदा बोललो, तेव्हा माझी फजिती झाली. आमच्या मागच्या शेतात काही घरं येणार असल्याची नोटीस विजेच्या खांबाला लटकली. हरकतीला २१ दिवस. मी रात्री जागून मोठं पत्र लिहिलं की टेकडीचं दृश्य झाकलं जाईल, घराची किंमत पडेल. क्लार्कबाईंनी ते वाचून शांतपणे सांगितलं, "यातलं एकही कारण विचारात घेता येत नाही." खाजगी घरातून दिसणारं दृश्य आणि घराची किंमत, दोन्ही नियमात बसत नाहीत. सांडपाणी, वळणावर गाडी दिसेल का, वटवाघळं, जुन्या वास्तूचा परिसर, ही कारणं चालतात. त्या आठवड्यात गावात वटवाघळांवर जेवढं प्रेम उतू गेलं तेवढं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

इथे माझं मत थोडं कडू आहे. वारसा, वारसा म्हणून सर्वांत मोठ्याने बोलणारे बरेचदा निवृत्त होऊन इथे आलेले असतात. उद्या मीही त्यातलाच. याच गावात जन्मलेला, छपरं शाकारणारा जो मुलगा माझं कौल बसवायला येतो, तो राहतो तीस किलोमीटरवर, कारण इथलं भाडं त्याला झेपत नाही. त्यावर एक तोड सरकारच्या नियोजन धोरणात आहे: गावाला लागून, जिथे एरवी घरं होऊ देत नाहीत अशा तुकड्यावर, स्थानिक नातं असलेल्यांसाठीच परवडणारी घरं बांधायची. आणि दुसरी तोड २०११च्या कायद्याने आली. कुठे काय बांधायचं याचा आराखडा गावाने स्वतः करायचा, तो तपासला जातो, मग गावाचं सार्वमत. कुंब्रियातल्या अप्पर ईडन भागाने मार्च २०१३मध्ये देशातलं असं पहिलं सार्वमत घेतलं. आराखडा मंजूर असला तर, जिथे बिल्डरांकडून पायाभूत सोयींसाठी आकार घेतात तिथे, त्यातला २५ टक्के वाटा पॅरिशला मिळतो. आराखडा नसेल तर १५. फरक दिसायला छोटा असला तरी एखाद्या हॉलचं छप्पर त्यात होऊन जातं. काम मात्र किचकट. आमच्याकडे कुठल्या शेतावर खूण करायची यावरून जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले.

अशा एका बैठकीत कोणीतरी म्हणालं की नवीन बांधकाम इथल्या परिसराला शोभलं पाहिजे. मला शेजारचं स्टोक रो आठवलं. तिथे १८६४ साली बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या पैशांतून खोदलेली विहीर पूर्ण झाली. ३६८ फूट खोल, आणि सगळी हाताने. जवळच्याच इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड भारतात मोठे अधिकारी होते. दुष्काळात घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून मार खाल्लेल्या मुलाची गोष्ट त्यांनी महाराजांना सांगितली होती, असं सांगतात. विहिरीवर लोखंडी घुमट आहे आणि खाली यंत्रावर सोनेरी हत्ती. चिल्टर्नमधल्या खेड्यात! मी एवढंच विचारलं की या विहिरीचा अर्ज आज आपल्यापुढे आला असता तर आपण काय लिहून पाठवलं असतं? दोघं हसले, एक गृहस्थ अजिबात हसले नाहीत, आणि अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

तेव्हा यायचं तर या. नोटीस बोर्डावरचा अजेंडा बैठकीच्या किमान तीन दिवस आधी लागतो. सभेत आधी गावकऱ्यांना बोलायला थोडा वेळ असतो, तो संपला की तोंडाला कुलूप. येत्या मंगळवारी आमच्याकडे दोन विषय आहेत: गावाने एक पौंडाला घेतलेल्या लाल टेलिफोन पेटीला पुन्हा रंग देणं, आणि चर्चजवळ कुत्र्यांच्या घाणीसाठी नवा डबा. पहिला पाच मिनिटांत उरकेल. डब्यासाठी मी थर्मासमध्ये चहा घेऊन जाणार आहे.