‘माजी मतदारसंघ’ म्हणावं का?

दादाभाई नौरोजींवर शाळेत माहितीफलक लावायची तयारी करणाऱ्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: “‘फिन्सबरी सेंट्रल हा ब्रिटिश संसदेचा माजी मतदारसंघ आहे’ असं वाक्य वाचनात आलं. कानाला खटकलं, पण चूक काय ते सांगता येईना. ‘माजी’च्या जागी काय लिहावं? आणि नाव ‘सेंट्रल फिन्सबरी’ की ‘फिन्सबरी सेंट्रल’?”

बाई, तुमचा कान बरोबर आहे. कारण मात्र व्याकरणात शोधू नका, ते वहिवाटीत आहे. ‘माजी’ मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेला. अर्थ एवढाच की होऊन गेलेला, सरलेला. उर्दूत भूतकाळालाच ‘माज़ी’ म्हणतात. नुसती व्युत्पत्ती धरली तर तो माणसाला, गावाला, रस्त्याला, कशालाही लागायला हरकत नव्हती. मराठीनं मात्र तो राखून ठेवला पद किंवा जागा सोडून गेलेल्या माणसासाठी. माजी आमदार, माजी सरपंच, माजी सैनिक, माजी विद्यार्थी. ‘आजी-माजी पदाधिकारी’ म्हणतो तेव्हाही माणसंच डोळ्यांसमोर असतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: माणूस बाहेर पडला, पण ज्यातून बाहेर पडला ते जागेवर आहे. सरपंच माजी झाला तरी सरपंचपद चालूच असतं, विद्यार्थी माजी झाला तरी शाळा भरतेच.

वस्तू किंवा ठिकाण गेलं की आपण वेगळं बोलतो. ‘माजी चाळ’, ‘माजी तालुका’ असं कोणी म्हणत नाही. संस्थानिक माजी होतात, पण सांगली संस्थान ‘पूर्वीचं’ असतं. भाषेला हा फरक किती पक्का ठाऊक आहे ते या एका जोडीत दिसतं. अलीकडे बातम्यांच्या भाषांतरात ‘माजी सोव्हिएत युनियन’ दिसतं खरं, पण ते इंग्रजी वाक्यावरून उतरवलेलं आहे. जो घरात मराठी बोलतो तो ‘पूर्वीचा सोव्हिएत युनियन’ किंवा ‘तेव्हाचा रशिया’ म्हणेल. हिंदीतून येणारा ‘भूतपूर्व’ही इथे नको. मराठीत ‘अभूतपूर्व’ रुळला, ‘भूतपूर्व’ रुळला नाही.

मतदारसंघांबद्दलही हीच रीत आहे, आणि ती कोणी शिकवलेली नाही. २००८ साली लोकसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि महाराष्ट्रातली बरीच नावं यादीतून गेली: राजापूर, कुलाबा, खेड, कराड, पंढरपूर, इचलकरंजी. कोकणातला माणूस ‘माजी राजापूर मतदारसंघ’ म्हणतो का? तो म्हणतो, “मधू दंडवते निवडून यायचे तो राजापूर.” पुणे जिल्ह्यात म्हणतात, “पूर्वीचा खेड, आताचा शिरूर.” म्हणजे ‘पूर्वीचा’, ‘तेव्हाचा’, ‘जुना’. दादाभाईंच्या फलकावर ‘पूर्वीचा मतदारसंघ’ लिहिलंत तर चूक कोणी काढणार नाही.

पण मी तेवढ्यावर थांबू नये असं म्हणेन. ‘पूर्वीचा’ म्हटल्यानं तो आज नाही इतकंच कळतं. त्याचं पुढे काय झालं ते कळत नाही. ब्रिटनच्या बाबतीत तर तेच जास्त महत्त्वाचं आहे, कारण तिथले मतदारसंघ निरनिराळ्या कारणांनी गेले आणि प्रत्येकाला मराठीत वेगळं क्रियापद लागतं.

‘मतदारसंघ’ हा शब्द जरा उलगडून पाहा. तो जमिनीच्या तुकड्याचं नाव नाही. मतदारांचा संघ, म्हणजे माणसांचा समूह. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण ब्रिटिश संसदेची जुनी कल्पनाही अशीच होती. सारख्या लोकसंख्येचे तुकडे पाडून प्रत्येकाला एक खासदार, ही व्यवस्था खूप नंतरची. आधी कौंटी, म्हणजे परगणा, आणि बरो, म्हणजे सनदी हक्क असलेलं नगर, असे समाज होते, आणि ते आपले प्रतिनिधी वेस्टमिन्स्टरला पाठवत. हक्क त्या नगराचा. नगर वाढलं, आटलं किंवा ओस पडलं तरी हक्क तसाच राहायचा.

त्यातून काय झालं याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे ओल्ड सेरम. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, आजच्या सॉल्सबरी शहराच्या उत्तरेला एक मातीच्या तटांची टेकडी आहे. लोहयुगातला कोट, पुढे नॉर्मन राजांचा किल्ला आणि कॅथीड्रल. १२२० साली खाली नदीकाठी नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला आणि वस्ती हळूहळू तिकडे उतरली. टेकडीवर दगडमाती राहिली. तरीही ‘ओल्ड सेरम’ या नावानं संसदेत दोन खासदार जात राहिले, थेट १८३२पर्यंत. मताचा हक्क तिथल्या विशिष्ट भूखंडांना चिकटलेला होता, आणि भूखंड ज्याच्या हातात त्याच्या हातात खासदारकी. मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही तिथे राहणारे नव्हेत. त्याच काळात मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम ही कारखान्यांची शहरं फुगत होती, आणि त्यांचा स्वतःचा एकही खासदार नव्हता.

ओल्ड सेरमचं एक टोक हिंदुस्थानातही आहे. १७व्या शतकाच्या अखेरीस ती मालमत्ता विकत घेतली थॉमस पिट यानं. हाच पुढे १६९८ ते १७०९ मद्रासचा गव्हर्नर होता, आणि गोवळकोंड्याच्या परिसरातल्या खाणीतून निघालेला तो प्रसिद्ध हिरा यानंच मद्रासेत विकत घेतला. १७१७ साली तो फ्रान्सच्या कारभारी राजपुत्राला विकला गेला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. थॉमसचा नातू विल्यम पिट १७३५ साली पहिल्यांदा संसदेत गेला तो याच घरच्या ओल्ड सेरममधून, आणि पुढे पंतप्रधान झाला. सफोकच्या किनाऱ्यावरच्या डनिचची गोष्टही जवळपास अशीच. बंदराचं शहर समुद्रानं शतकानुशतकं कुरतडून गिळलं, तरी त्याचे दोन खासदार १८३२पर्यंत बसत होते. ओल्ड सेरम आणि डनिच इथे संघ केव्हाच उठून गेला होता, नुसतं नाव उरलं होतं. १८३२च्या सुधारणा कायद्यानं अशी नावं यादीतून काढली. यांच्यासाठी ‘मोडीत काढला’ हे क्रियापद मला चपखल वाटतं. ‘रद्द केला’ही चालेल, पण आधीच निरुपयोगी झालेली गोष्ट टाकून दिली ही छटा ‘मोडीत काढणं’मध्येच आहे.

सडबरीची तऱ्हा वेगळी. हेही सफोकमधलंच गाव. तिथून १८४१ साली निवडून आला डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्रे, मेरठजवळच्या सरधना जहागिरीची मालकीण बेगम समरू हिचा वारस. त्याच्या अंगात युरोपीय आणि हिंदुस्थानी दोन्ही रक्त होतं. दादाभाईंना ‘ब्रिटिश संसदेतले पहिले हिंदी खासदार’ म्हणताना हा माणूस आठवावा. दादाभाईंचं श्रेय त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण इतिहास पुरा सांगितलेला बरा. सडबरीत मतं विकत घेतल्याचं चौकशीत उघड झालं, १८४२ साली निवडणूक रद्द ठरली, आणि १८४४ साली त्या बरोचा खासदार पाठवण्याचा हक्कच काढून घेण्यात आला. माणसं होती, गाव होतं, पण शिक्षा म्हणून हक्क गेला. इथे ‘मोडीत काढला’ अजिबात बसत नाही. ‘बरखास्त’ हा शब्द आपण सभागृहासाठी वापरतो, त्यात सत्तेनं कारवाई केल्याचा अर्थ येतो, म्हणून सडबरीला तो शोभतो. त्याहून सरळ हवं तर ‘मतदारसंघाचा दर्जा काढून घेतला’.

आणि आता दादाभाईंचा मतदारसंघ. १८३२च्या कायद्यानं लंडनमध्ये फिन्सबरी नावाचा दोन खासदारांचा बरो तयार झाला. १८८५ साली जागांची फेरवाटणी झाली, एका खासदाराचे मतदारसंघ ही सर्वसाधारण रीत ठरली, आणि मोठ्या बरोंचे विभाग पडले. फिन्सबरीचा मधला विभाग तो हा. क्लार्कनवेलचा कारागिरांचा भाग त्यात येत असे, घड्याळजी आणि दागिने घडवणाऱ्यांची वस्ती. दादाभाई आधी १८८६ साली शेजारच्या होबर्नमधून उभे राहून हरले होते. त्या पराभवाबद्दल बोलताना पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी १८८८ साली एडिंबराच्या सभेत त्यांचा ‘काळा माणूस’ म्हणून उल्लेख केला, आणि त्या शब्दांवर देशभर इतका गदारोळ झाला की दादाभाईंचं नाव इंग्लंडात घरोघर पोचलं. १८९२च्या जुलैत फिन्सबरीत ते लिबरल पक्षातर्फे निवडून आले, हुजूर पक्षाच्या फ्रेडरिक पेंटन यांच्यावर अवघ्या ५ मतांनी. पहिल्या मोजणीत तर फरक ३ मतांचाच होता. दोघांची मतं मिळून सहा हजारही होत नाहीत. इंग्रजांना त्यांचं नाव उच्चारायला जड जायचं, ते या निकालानंतर ‘मिस्टर नॅरो-मेजॉरिटी’ झालं.

जाता जाता फलकासाठी एक विनंती. ‘५ मतांच्या बहुमतानं’ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, तसं लिहू नका. बहुमत म्हणजे अर्ध्याहून अधिक. दोन उमेदवारांतल्या फरकाला मराठीत ‘मताधिक्य’ असा सरळ आणि रुळलेला शब्द आहे.

१८९५ साली दादाभाई तिथेच हरले. मतदारसंघ पुढे १९१८पर्यंत टिकला आणि मग फिन्सबरीच्या पूर्व विभागाबरोबर एक होऊन नुसता ‘फिन्सबरी’ झाला. १९५०मध्ये ‘शोरडिच आणि फिन्सबरी’, १९७४पासून ‘इझलिंग्टन दक्षिण आणि फिन्सबरी’. आजही त्या नावानं एक खासदार हाऊस ऑफ कॉमन्समध्ये बसतो. इथे काहीच मोडीत निघालं नाही आणि कोणाचा हक्कही गेला नाही. उलट १९१८च्या ज्या कायद्याबरोबर ही फेररचना झाली, त्यानं २१ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना आणि ३० वर्षांवरच्या, काही अटी पुऱ्या करणाऱ्या स्त्रियांना मत दिलं. देशातले मतदार सुमारे ७७ लाखांवरून २ कोटी १४ लाखांवर गेले. क्लार्कनवेलच्या ज्या बायकांनी १८९२ साली निकाल बाहेरून पाहिला, त्यांच्यातल्या कितीतरी जणी १९१८ साली मतदार झाल्या. अशा मतदारसंघाबद्दल ‘विलीन झाला’ म्हणावं. ‘नामशेष झाला’, ‘अस्तंगत झाला’ हे शब्द इथे सरळ चुकीची माहिती देतात. संघ कायम राहिला, मोठा झाला, त्याची हद्द आणि पाटी बदलली.

दादाभाईंच्या मागून गेलेल्या मुंबईच्या आणखी दोघांचा उल्लेख तुम्ही फलकावर करणार असाल, तर तिथेही हेच. सर मंचरजी भावनगरी १८९५ ते १९०६ ईशान्य बेथनल ग्रीनचे हुजूर पक्षाचे खासदार होते. तो मतदारसंघ १९५० साली बेथनल ग्रीनमध्ये विलीन झाला. शापुरजी सकलातवाला उत्तर बॅटरसीचे, आधी १९२२ साली मजूर पक्षाकडून आणि मग १९२४ ते १९२९ कम्युनिस्ट म्हणून. तो मतदारसंघ १९८३ साली बॅटरसीत मिसळला. या तिघांनाही आज ‘माजी खासदार’ लिहू नये, हेही ओघानं आलं. माजी म्हणायचं ते हयात माणसाला, किंवा फार तर नुकत्याच गेलेल्याला. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल ‘१८९२ ते १८९५ या काळात खासदार होते’ एवढंच पुरतं.

तेव्हा फलकावरचं वाक्य मी असं लिहीन: “लंडनमधल्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून दादाभाई १८९२ साली ५ मतांच्या मताधिक्यानं हाऊस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. १८८५ साली निर्माण झालेला हा मतदारसंघ १९१८ साली फिन्सबरी मतदारसंघात विलीन झाला.” विशेषणाची गरजच उरत नाही.

राहिला नावाचा क्रम. त्या काळचे लोक ‘सेंट्रल फिन्सबरी’च म्हणत. आजच्या संदर्भयाद्यांत अकारविल्हे लावायचं असल्यामुळे ‘फिन्सबरी सेंट्रल’ येतं. आपल्याकडेही अगदी असंच आहे. निवडणूक आयोगाच्या यादीत ‘मुंबई दक्षिण’, तोंडी सगळ्यांच्या ‘दक्षिण मुंबई’. दोन्ही बरोबर, फक्त एका फलकावर दोन्ही नकोत. भाषांतर करून ‘मध्य फिन्सबरी’ करायची मात्र गरज नाही, कारण मराठीत हे नाव गेली शंभरएक वर्षं ‘सेंट्रल’सकटच रुळलंय. ‘बरो’चा उच्चार ‘बोरो’ करू नये, हे मुलांना तोंडी सांगा.

आणि नकाशा लावणार असाल तर खूण क्लार्कनवेलवर करा. आज तिथे ‘नौरोजी स्ट्रीट’ आहे, आणि रोझबरी अ‍ॅव्हेन्यूवरच्या फिन्सबरी टाउन हॉलवर दादाभाईंच्या नावाची पाटी आहे. फिन्सबरी पार्क हे भुयारी रेल्वेचं मोठं स्टेशन त्याहून बरंच उत्तरेला आहे. १८६९ साली खुलं झालेलं ते उद्यान जुन्या फिन्सबरी बरोच्या रहिवाशांसाठी म्हणून आखलं गेलं, त्यावरून नाव पडलं, पण उद्यान बरोच्या हद्दीत नव्हतं आणि दादाभाईंच्या मतदारसंघात तर नव्हतंच.