अंगणात लॉन लावू की पेव्हर ब्लॉक टाकू?

पाडव्याआधी बंगल्यापुढचं अंगण चकाचक करायचंय, लॉन लावू की पेव्हर ब्लॉक, असं विचारलंय तुम्ही. ब्लॉक टाकू नका.

आमच्या साताऱ्याच्या घरी सासूबाईंनी कोय रुजवून वाढवलेला रायवळ आंबा होता. भाऊजींना गाडीखाली चिखल नको होता म्हणून एका मार्चमध्ये मुरूम टाकून, रोलर फिरवून, पार बुंध्याला चिकटवून ब्लॉक बसवले. मी आधीच सांगितलं होतं की बुंध्याभोवती चार फूट तरी माती मोकळी ठेवा, तर म्हणे "वहिनी, आंब्याची मुळं खोल जातात, काही होत नाही त्याला". खोल जातात ती वेगळी हो, अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना हवाही लागते. पुढच्या वर्षी मोहोर दणकून आला, तेव्हा सगळ्यांनी मलाच ऐकवलं. दुसऱ्या वर्षी शेंडे वाळले, तिसऱ्या वर्षी पालवीच फुटली नाही. घरात अजून म्हणतात कीड लागली. लागलीही असेल, पण दुबळ्या झाडाला ती आधी गाठते.

आणि सासूबाई चैत्र तीजेपासून अक्षय तृतीयेपर्यंत सारवलेल्या अंगणात रोज चैत्रांगण काढायच्या. ब्लॉकच्या फटींवर रेघ तुटायला लागली तसं त्यांनी ते काढणंच सोडलं, कुणाला एक शब्द न बोलता. हे मला आंब्यापेक्षा जास्त लागलं.

लॉन आत्ता उन्हाच्या तोंडावर नकोच, पाणी घालून दमाल, जूनमध्ये बघा. आत्ता पडणारा पाचोळा जाळू नका, झाडांच्या आळ्यात दोन-तीन इंच पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीतच उरकायची असते, राहिली असेल तर आता कात्री लावू नका, शेणखत आणि पाणी द्या, कळ्या येतील.

काळी माती असेल तर पावसात चिखल होतो, भाऊजींचं तेवढं खरं होतं. मग चाकांपुरत्या दोन पट्ट्या ब्लॉकच्या करा, बाकी माती राहू द्या. झाड असेल तर बुंध्यापासून चार फूट मोजून गवंड्याला फक्कीने गोल आखून द्या आणि काम चालू असताना स्वतः तिथे उभे राहा. मी त्या दिवशी माहेरी गेले होते.