तो पिठ्या नव्हे, ढालकिड्याची अळी!

प्रश्न (वेंगुर्ले): पेरूवरच्या पिठ्या ढेकणासाठी (पांढऱ्या मेणाने झाकलेली, रस शोषणारी कीड) क्रिप्टोलेमस भुंगेरे सोडले. महिना होत आला. भुंगेरे फारसे दिसत नाहीत, उलट पिठ्याच मोठा होऊन फांद्यांवर फिरतोय. औषध मारू का?

उत्तर: कृपा करून पंप खाली ठेवा. फिरतेय ती तुमच्याच भुंगेऱ्यांची, म्हणजे पिठ्या खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्ड) अळी आहे. तिच्या अंगावरही पिठ्यासारखे पांढरे मेणाचे झुपके असतात, आणि त्या सारखेपणापायी बिचाऱ्या अळ्या फवाऱ्यात मरतात. मला याचं फार वाईट वाटतं. काडीने हलकेच डिवचून बघा. पिठ्या जागचा फारसा हलत नाही. अळी त्याच्याहून बरीच लांब, झुपके लांबडे, आणि ती लगेच चालू लागते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली तो भारतात आणला कॉफीवरच्या खवले किडीसाठी, पण इथे रमला पिठ्यावर.

मुंग्यांकडे मात्र लक्ष द्या. पिठ्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, ढालकिड्यांना जवळ फिरकू देत नाहीत. जमिनीला आणि शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटा, खोडाला चिकट पट्टी बांधा. एवढं केलंत तरी भुंगेऱ्यांचं काम खूप सोपं होतं.

प्रश्न (गुहागर): वांग्याच्या पानांची जाळी झालीय, वर ठिपक्यांचे ढालकिडे आहेत. मित्रकिडे म्हणून राहू देऊ?

उत्तर: नको. हा त्याच कुळातला पानं खाणारा, अठ्ठावीस ठिपक्यांचा भाऊबंद. मित्र ढालकिड्याची पाठ बहुधा तकतकीत असते, याची बारीक लवीमुळे निस्तेज. अळी पिवळट, काटेरी. अंडी-अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

प्रश्न (लांजा): भातानंतरच्या चवळीवर मावा पडलाय. किती ढालकिडे विकत आणू?

उत्तर: एकही नको. सहा ठिपक्यांचा ढालकिडा माव्यामागे आपणहून येतो. पानांवर पिवळी, उभी अंडी झुबक्याने आणि काळी, ठिपकेदार, सुसरीच्या घाटाची अळी दिसतेय का बघा. दिसत असेल तर फवारणी थांबवा. माव्याने भरलेले शेंडे तेवढे खुडा, पण आधी त्यावर अळी नाही ना ते पाहून.

प्रश्न (देवगड): हापूसच्या मोहोरावरचे तुडतुडे ढालकिडे आवरतील?

उत्तर: त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. संथ, मऊ किडी हे त्यांचं खाणं. तुडतुडा उडी मारून निसटतो. दाट फांद्या विरळ करून ऊन-वारा आत येऊ द्या. फवारणी करावीच लागली, तर मोहोर पूर्ण फुललेला असताना नको. तेव्हा माशा परागीभवन करत असतात.